माझ्या प्रोफाईलवर आबांचा नंबर

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, डिसेंबरात, प्लेसमेंटच्या सरांनी आम्हाला सेमिनार हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं की यापुढे जो माणूस इंटरनेटवर दिसत नाही तो नाहीच, असं कंपन्या धरून चालतात. मी शेवटच्या रांगेत होते. मला ते पटलं. तोपर्यंत मी बऱ्याच ठिकाणी नव्हतेच.

सर म्हणाले, नोकरीच्या साईटवर प्रत्येकाचं प्रोफाईल पाहिजे. फोटो पाहिजे, स्वतःची ओळख पाहिजे, अंगात काय काय कौशल्यं आहेत ते पाहिजे, आणि आठवड्याला एक पोस्ट पाहिजे. मी सगळं वहीत लिहून घेतलं. कौशल्यं या शब्दाखाली दोन रेघा मारल्या, कारण तिथे काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

मला नोकरी पाहिजे होती, आणि ती ठरावीक दिवसाच्या आत पाहिजे होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात एका शेतकऱ्याकडे सालदार आहेत. म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतातलं सगळं काम बघतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मला पाठवताना त्यांनी घरात एकच गोष्ट सांगितली होती. शिक्षण संपेल त्या वर्षी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, जळगावात काम लागलं तर मी राहायचं, नाही लागलं तर घरी यायचं. घरी आल्यावर पुढे काय, हे कोणी बोललं नव्हतं. पण माझे मामा दिवाळीत दोन स्थळं सांगून गेले होते, त्यामुळे बोलायची गरजही नव्हती. हे जुलूम वगैरे काही नव्हतं. आमच्या गल्लीतल्या इतर मुलींना आखाजीपर्यंतसुद्धा मुदत मिळाली नव्हती.

जळगावात पिंप्राळ्याला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. माझी खोलीतली मैत्रीण पहूरची. तिचं प्रोफाईल एका दुपारात झालं. नावाखाली तिने ‘उद्योजिका’ असं लिहिलं. मी विचारलं, कसली उद्योजिका? ती म्हणाली, ‘‘माह्यी माय पापड करते अन् मी वर्गात विकते. मंग मी कोन आहे?’’

माझ्या प्रोफाईलला नऊ दिवस लागले.

पहिले दोन दिवस फोटोत गेले. फोटोसाठी कोट लागतो असं सरांनी सांगितलं होतं. वर्गात एक कोट होता. तो एका मुलाच्या मोठ्या भावाच्या लग्नातला होता आणि जानेवारीभर तो वर्गात फिरत होता. मला तो मंगळवारी मिळाला. खांदे खूप रुंद होते, म्हणून मैत्रिणीने मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ करून, फोटो काढला. फोटो पुढून बरा आला. आमच्या वर्गातल्या चौदा जणांच्या प्रोफाईलवर तोच कोट आहे.

नंतर कौशल्यं. माझा विषय बायोटेक्नॉलॉजी. त्यात आम्हाला केळीचं टिश्यू कल्चर होतं. केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा काचेच्या बाटलीत, निर्जंतुक करून, जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा आणि त्यातून रोपं वाढवायची. आमच्याकडे रावेर-यावलच्या बागांना लागणारी कितीतरी रोपं अशीच तयार होतात. कॉलेजात मी चाळीस बाटल्या केल्या होत्या. त्यातल्या एकतीस बाटल्यांना बुरशी लागली. मी हे सरांना सांगितलं आणि विचारलं की याला कौशल्य म्हणता येईल का.

सर म्हणाले, ‘‘टिश्यू कल्चर एक्सपर्ट, असं लिही.’’

‘‘सर, एकतीस बाटल्या...’’

‘‘बाटल्यांचं कोण विचारतंय? नऊ आल्या ना? एक्सपर्ट लिही. सगळे लिहितात.’’

मी लिहिलं. सगळे लिहितात हे खरं होतं. मी आधी बघून घेतलं होतं.

फोन नंबरच्या रकान्यात मी आबांचा नंबर टाकला. यात मी काही विचार केला नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून हे सांगायला पाहिजे. पहिलीपासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर आबांचाच नंबर आहे. शिष्यवृत्ती, बसचा पास, बँक, परीक्षा, सगळीकडे. माझ्या गावात मुलीचा नंबर फॉर्मवर लिहीत नाहीत. माझा स्वतःचा नंबर तेव्हा आठ जणांकडे होता, त्यातले दोघे घरचेच. ‘फोन नंबर’ असं वाचलं की माझा हात आपोआप आबांचे दहा आकडे लिहितो. मला माझे स्वतःचे आकडे अजूनही आठवून सांगावे लागतात.

प्रोफाईल झाल्यावर पोस्ट सुरू झाल्या. कोणाच्याच पोस्टला कोणी विचारत नव्हतं, म्हणून वर्गात लाईकची पाळी लावली. सोमवारी पहिल्या रांगेने लाईक करायचं, मंगळवारी दुसऱ्या. शेवटच्या रांगेकडे शनिवार होता. मी एकदा विसरले तर पाच जणांनी ग्रुपवर विचारलं, शनिवार कोणाचा होता? मग दर शनिवारी मी पहाटे अभ्यासाला उठले की आधी सगळ्यांना लाईक करायचे आणि मग तोंड धुवायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी जळगावच्या बाहेरच्या एका लॅबची जाहिरात आली. केळीची रोपं तयार करणारी लॅब. प्रशिक्षणार्थी पाहिजेत. अर्ज म्हणजे फक्त प्रोफाईलची लिंक पाठवायची. मी लिंक पाठवली आणि वाट बघत राहिले. फोन हातातून सोडत नव्हते. आंघोळीला जाताना मैत्रिणीला सांगून जायचे, वाजला तर उचल. तीन आठवडे काहीच वाजलं नाही. वाजणार कसं?

मार्चात दोन सुट्ट्या जोडून आल्या म्हणून मी पॅसेंजरने गावी गेले. संध्याकाळी आबा शेतातून आले, ओट्यावर पाय धुतले, जेवले. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाले,

‘‘परवा एक फोन उना व्हता. जयगावनी कोनी बाई व्हती.’’

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. ‘‘कोनती बाई?’’

‘‘केळीना रोपंवाली. तुनाबद्दल इचारी ऱ्हायनी व्हती.’’

‘‘काय इचारं तिनी?’’

‘‘इचारं, पोरले काय काय येस.’’

‘‘मंग तुम्ही काय सांगं?’’

‘‘सांगं, काहीच येत नही.’’

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, ‘‘आसं कोनी सांगस का?’’

‘‘मंग काय सांगू? आते तर शिकी ऱ्हायनी ती.’’ आबांनी सुपारी तोंडात टाकली. ‘‘आनि ते बाटल्यास्नं बी सांगं. चाळीस बाटल्या व्हत्यात, बठ्ठ्या सडी गयात.’’

‘‘बठ्ठ्या नही, आबा. एकतीस.’’

‘‘मंग नऊ वाचन्यात,’’ आबा म्हणाले. ‘‘ते माले याद नही व्हतं.’’

मी विचारलं की आणखी काय विचारलं तिने. आबा म्हणाले, ‘‘आसंच. दुसरं-तिसरं.’’ आणि बैलांकडे बघायला उठून गेले.

त्यांचा राग आला असं म्हणता येणार नाही. आमच्याकडे बाहेरच्या माणसासमोर आपल्या मुलाचं कौतुक कोणी करत नाही. पाहुण्यांनी म्हटलं की पोरगी हुशार आहे, तर आबा म्हणतात, कुठली हुशार, मीठ कुठे ठेवलंय ते विचारते. पाहुण्यांना कळतं की हे म्हणायचं असतं. पाहुणे उरलेलं स्वतः धरून घेतात. लॅबच्या मॅडमना हे ठाऊक असेल का, ते मला कळत नव्हतं. त्यांच्यासमोर एका बाजूला माझं ‘एक्सपर्ट’ होतं आणि दुसऱ्या बाजूला आबांचं ‘काहीच येत नही’.

पिंप्राळ्याला परत आल्यावर मैत्रिणीला सांगितलं. ती आधी हसली, मग कपाळावर हात मारला.

‘‘अवं, नंबर कायले दिला त्याहीचा?’’

‘‘सवयीनं.’’

‘‘तुह्या आबांनी तं तुह्यं प्रोफाईलच डिलीट करून टाकलं.’’

मी दोन दिवस विचार केला. मॅडमनी दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यातली एक दुरुस्त करणं भाग होतं. आबांना दुरुस्त करता येत नाही. म्हणून मी प्रोफाईल दुरुस्त केलं. ‘एक्सपर्ट’ काढून टाकलं. त्याजागी लिहिलं: ‘‘केळीच्या चाळीस बाटल्या केल्या. एकतीस खराब झाल्या. प्रत्येक बाटली कोणत्या दिवशी आणि बहुतेक कशामुळे खराब झाली याची वही ठेवली आहे.’’ त्या आठवड्याची पोस्ट म्हणून वहीतलं एक पान उतरवलं. बाटली पाच, चिमटा ज्योतीवर पुरेसा धरला नाही. बाटली सहा, कारण कळलं नाही. बाटली सात, झाकण उघडं असताना मी शिंकले. बाटली आठ, सातच्या शेजारी होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. त्यांच्या मोबाईलवर माझी पोस्ट उघडी होती.

‘‘अगं, हे काय आहे?’’

‘‘सर, वही आहे.’’

‘‘वही आहे ते दिसतंय. ‘शिंकले’? प्रोफाईलवर कोणी शिंकतं का?’’

‘‘सर, ते खरं आहे.’’

‘‘खरं असेल गं. मला कुठे खोटं वाटतंय?’’ सर खुर्चीत मागे टेकले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. ‘‘तुमच्यासारख्या मुलांना आधीच कोणी ओळखत नाही. मी म्हणतो निदान वाचणाऱ्याला बरं दिसू दे. तू स्वतःच सांगत सुटलीस तर मी काय करू? काढून टाक ते.’’

मी हो सर म्हणाले. मी काढणार होते. त्या दिवशी माझा नेटपॅक संपला होता, आणि मैत्रिणीचा हॉटस्पॉट मागितला तर तिने आधी पोस्ट वाचली आणि म्हणाली, ‘‘राहू दे. आठ नंबरची बाटली भारी आहे.’’ त्यामुळे ती राहिली. तिला सोळा लाईक आले, सगळे वर्गातलेच, पाळीप्रमाणे.

चार दिवसांनी सकाळी आबांचा फोन आला.

‘‘सोमवारले बलायेल शे तुले. त्या बाईनी.’’

‘‘आनखी काय सांगं तिनी?’’

‘‘काय नही. टायमावर जाय.’’

सोमवारी लॅबच्या बाहेर बाकावर आम्ही सहा जण होतो. आमच्यापैकी एकाने तो कोट घातला होता. मला मॅडमनी तिसरं बोलावलं. मॅडम पन्नाशीच्या, डोक्याला कागदी टोपी, मास्क गळ्यात खाली ओढलेला. त्यांच्यापुढे माझ्या प्रोफाईलची छापील प्रत होती. जुन्या प्रोफाईलची. त्यांनी माझा फोटो पाहिला, मग दाराकडे पाहिलं, मग परत फोटो पाहिला.

‘‘हा कोट मी आताच पाहिलाय.’’

‘‘हो मॅडम. तो वर्गाचा आहे.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘तू एक्सपर्ट आहेस?’’

‘‘नाही मॅडम.’’

‘‘इथे लिहिलंय.’’

‘‘लिहिलं होतं. आता काढलंय.’’

‘‘का?’’

‘‘आबांनी तुम्हाला... वडिलांनी तुम्हाला सांगितलं म्हणून. पण बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या बाटल्या नव्हत्या खराब झाल्या. एकतीस झाल्या.’’

मी वही नेली होती. त्यांनी ती न मागता घेतली आणि उभ्या उभ्याच चार-पाच पानं वाचली. सात नंबरवर त्यांचं बोट थांबलं.

‘‘मास्क नव्हता?’’

‘‘आमच्या बॅचला एकच होता मॅडम. तो त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर होता.’’

वही मिटून त्यांनी टेबलावर ठेवली. मला वाटलं आता त्या टिश्यू कल्चरचं काहीतरी विचारतील. मी खाद्याचे सगळे घटक पाठ करून गेले होते. त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही.

‘‘हे बघ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बाटल्यांचं आम्ही शिकवतो. त्याची मला काळजी नसते. हात बसायला सहा महिने लागतात. सातव्या महिन्यात लग्नाची पत्रिका येते. गेल्या दोन वर्षांत माझ्या पाच मुली अशा गेल्या. म्हणून मी अर्ज आला की मुलींच्या घरी फोन लावते. मुलांच्या घरी लावत नाही. हे बरोबर नाही, मला माहीत आहे. पण लावते.’’

मी वही टेबलावरून उचलून पिशवीत ठेवली.

‘‘तुझ्या वडिलांना मी तेच विचारलं. लग्नाचं काय ठरवलंय? ते म्हणाले, साल पुरं करेल. मी म्हटलं, म्हणजे मध्ये लग्न काढणार नाही ना? ते म्हणाले, साल म्हणजे साल. त्यात दुसरं काही नसतं.’’ मॅडमनी चष्मा काढून पुसला. ‘‘मला अर्थ नीट कळला नाही. तुमच्याकडे असं काही असतं का?’’

असतं. पण ते मला तिथे सांगता आलं नाही. मी फक्त हो म्हणाले.

आमच्या भागात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीच्या तोंडावर संपतं. कामावर ठेवताना मालक सालदाराला तुला काय येतं असं विचारत नाही. नांगर येतो का, पाणी भरता येतं का, हे तो इतरांकडून आधीच काढून आलेला असतो. जो स्वतःहून सांगतो की मला सगळं येतं, त्याच्या हातात कोणी बैल देत नाही. विचारतात ते एवढंच की साल पुरं करशील का. आणि एकदा हो म्हटलं की मध्ये काही झालं तरी सोडत नाहीत. माय सांगते की तिचं लग्न आखाजीच्या आदल्या दिवशी लागलं, कारण आबांना साल मोडायचं नव्हतं. आखाजीला त्यांनी नव्या सालाची बोली केली आणि दुसऱ्या दिवशी ते शेतावर होते. माय हे तक्रार म्हणून सांगते.

म्हणजे एकाच फोनवर आबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली त्यांनी मला घरात सगळ्यांसमोर सांगितली. दुसरी सांगितलीच नाही. मामांनी आणलेल्या दोन स्थळांना वर्षभर थांबवायचं, हे त्यांनी एका अनोळखी बाईला कबूल केलं होतं आणि मग सुपारी कातरत बसले होते. मी रिक्षात बसल्यावर त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी म्हणाले, टायमावर गेले होते. ते म्हणाले, बरं.

मॅडमनी लगेच घेतलं नाही. तीन दिवस काम करून दाखवायला बोलावलं. लॅबमध्ये एका लांब खोलीत काचेच्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांच्यातून सतत गाळलेल्या हवेचा झोत येतो, आणि प्रत्येक पेटीपुढे एक बाई टोपी-मास्क घालून कोंब कापत बसते. मला शेवटची पेटी दिली. तीन दिवसांत साठ बाटल्या भरल्या. दहा दिवसांनी मोजल्या तेव्हा अकरा खराब निघाल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंच्या साठात एक निघाली होती, आणि त्या दिवसभर त्या एकीवरून हळहळत होत्या.

‘‘अकरा म्हणजे खूप आहेत,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘हो मॅडम.’’

‘‘एकतीसपेक्षा कमी आहेत.’’

‘‘एकतीस चाळीसातल्या होत्या मॅडम. या साठातल्या आहेत.’’

‘‘तू माझं काम सोपं करतेयस की अवघड, ते मला कळत नाही,’’ मॅडम म्हणाल्या आणि एक कागद पुढे केला. तो रुजू होण्याचा फॉर्म होता. मी भरायला लागले. फोन नंबरच्या रकान्याशी आले आणि हात सवयीने पुढे गेला. चार आकडे लिहून झाल्यावर मॅडमनी बोट ठेवलं.

‘‘हा वडिलांचा ना? मला पाठ झालाय. तुझा लिही. पाळी बदलली तर मी दोंडाईचाला फोन करत बसू का?’’

मी ते चार आकडे खोडून माझा नंबर लिहिला. तो मोबाईलमध्ये बघून लिहावा लागला. संध्याकाळी प्रोफाईलवरही बदलला. मैत्रिणीने शेजारी उभं राहून खात्री केली.

परीक्षा आखाजीच्या आठवडाभर आधी संपली. आखाजी झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले.

त्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी सातला पाळी. पहिले तीन महिने बाटल्या धुतल्या आणि खाद्य तयार केलं. मग पेटीवर बसले. पोस्ट टाकणं मी सोडलं नाही, कारण सरांना वाईट वाटलं असतं. महिन्याला एक टाकत होते, बहुतेक खराब बाटल्यांबद्दल. लाईकची पाळी कॉलेज संपल्यावर मोडली, तरी हळूहळू काही अनोळखी लोक वाचायला लागले. एकदा दुसऱ्या एका लॅबमधल्या माणसाने मला विचारलं की पावसाळ्यात बुरशी वाढते त्याचं तुम्ही काय करता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला अहो-जाहो करून काहीतरी विचारत होतं. मी उत्तर लिहिलं, ते ताईंना वाचून दाखवलं, त्यांनी दोन चुका काढल्या, मग पाठवलं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मामा आले होते. ओट्यावर बसून ते आबांना म्हणाले, ‘‘पोऱ्या चांगला शे. नोकरी शे. तो काय थांबाव नही.’’

‘‘आते नही,’’ आबा म्हणाले. ‘‘आखाजीनंतर.’’

‘‘आखाजीनंतर काबर?’’

‘‘तिनं साल चालू शे.’’

मामा हसले. ‘‘वाह भाऊ! बाप सालदार, पोरबी सालदार.’’

‘‘व्हय,’’ आबा म्हणाले. माय चहा घेऊन आली आणि विषय कापसाच्या वेचणीकडे गेला.

पुढच्या आखाजीला दोन आठवडे राहिले तेव्हा मॅडमनी जाता जाता विचारलं, ‘‘तुझं वर्ष संपतंय ना? पुढचं काय?’’

मी म्हणाले, ‘‘आबांना विचारून सांगते.’’

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर येऊन फोन लावला. ते शेतात होते, मागे मोटारीचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

‘‘माले काबर इचारस?’’

‘‘मंग कोनले इचारू?’’

‘‘मी एक सालना शबद दिन्हा व्हता. तो सरना.’’ मोटारीचा आवाज थांबला. बहुतेक त्यांनी बंद केली. ‘‘पहिलं साल दुसराना शबदवर ऱ्हास. मंग मानूस सोता बोलस.’’

‘‘तुमले काय वाटस?’’

‘‘मी काय, मामा काय, इचारनारा लई शेतस. तू काय ते बोल तिले. मंग माले सांग.’’

ते एवढं बोलून थांबले. माझ्या बाजूने ते काही बोलले नाहीत, विरुद्धही बोलले नाहीत. मामांचं ते स्थळ अजून थांबून होतं, आणि त्याला नाही म्हण, असंही आबा मला सांगत नव्हते. त्यांनी फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ तो कानाला धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पेट्यांच्या ओळीतून फिरत माझ्याकडे आल्या. मी रात्रीपासून दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं पहिलं बोलले.

‘‘काय?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मास्क आहे, पंखे चालू आहेत. मोठ्याने बोल.’’

‘‘मला पुढचं साल करायचं आहे.’’

हे मी बहुतेक फारच मोठ्याने बोलले. ओळीतल्या सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

‘‘बरं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ऑफिसात सही करून जा.’’ आणि पुढच्या पेटीकडे गेल्या.

शेजारच्या ताईंनी कापता कापता विचारलं, ‘‘घरी विचारलंस का गं?’’

‘‘विचारलं. आबा म्हणाले, मला कशाला विचारतेस.’’

ताईंचा चिमटा हवेतच थांबला. त्यांचं अर्धं तोंड मास्कखाली होतं, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. ‘‘असं म्हणतात होय,’’ त्या म्हणाल्या, आणि चिमटा परत ज्योतीवर धरला.